अकरा दाणे

मुलांनो, शिक्षकांच्याही चुका होतात. माझी एक चूक तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून सांगते.

आमची शाळा दोनशिक्षकी. शाळेमागे दोन खोल्या मावतील एवढी परसबाग. ताटं धुतलेलं पाणी चर काढून तिकडेच सोडलंय. तिथली भाजी दुपारच्या खिचडीत पडते. पहिल्या वर्षी मी बाजारातून टोमॅटोच्या बियांचं पाकीट आणलं. झाडं कशी लगडली! मग शहाणपणा करून त्याचंच बी धरलं. पुढच्या वर्षी एका झाडाला लिंबाएवढी फळं, दुसऱ्याला चपटी, तिसरं नुसतंच वाढलेलं.

"बाई, बी तर एकाच पाकिटातलं ना?" मुलं विचारू लागली.

पाकीट शोधून वाचलं. 'संकरित'! दोन वेगवेगळ्या वाणांपासून असं बी तयार करतात. त्याची पहिली पिढी एकसारखी आणि भरघोस येते. पण तिचं बी पेरलं, की आजी-आजोबांचे गुण नातवंडांत वाटेल तसे विखुरतात. म्हणजे दरवर्षी नवं पाकीट आलंच. (डी.एड.ला असताना हे कुणी सांगितलं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.)

दिवाळीनंतर चौथीतली एक मुलगी पुरचुंडी घेऊन आली. आत वाटीभर घेवडा, काळ्या ठिपक्यांचा. "आजी म्हणली, हा माझ्या सासूच्या हातचा हाय. खायचा नाही, लावायचा."

लावायचा तर जूनमध्ये. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला आणि कपाटात ठेवून दिला. गंमत बघा, त्याच कपाटावर मी राहीबाई पोपेरे यांचं चित्र चिकटवलंय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई. शाळेत कधी गेल्या नाहीत, पण गावठी बियाणं इतकं जपलं, की 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मुलांना मी हे किती रंगवून सांगितलं होतं!

जूनमध्ये पिशवी सोडली. आत नुसता भुगा आणि भुंगे. दाण्यादाण्याला गोल भोक. हा भुंगा शेंगेवर नाहीतर दाण्यावर अंडी घालतो, अळी आत शिरून दाणा पोखरते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. सहा महिने कपाटात हेच चाललं होतं.

ती मुलगी रडली नाही. पिशवी उचलून तिनं दप्तरात ठेवली. मला ते रडण्याहून जड गेलं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आजी ओट्यावर बसल्या होत्या.

"ऊन दाखवलं व्हतं का, बाई?"

"नाही हो आजी."

"राखंत घोळला व्हता?"

"नाही."

राख दाण्यांमधल्या फटी बुजवते, किड्याला हलायला जागाच राहत नाही. हे आजींनी त्यांच्या भाषेत सांगितलं. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे तेवढाच घेवडा होता. गुडघे धरल्यामुळे गेल्या साली वेल लावलाच नव्हता.

"लेक दिलीय घाटाखाली. तिला दोन सालांमागं मूठभर दिला व्हता. तिनं जगवला आसंल तर आसंल."

आठ दिवस मी नीट जेवले नाही, असं सांगितलं तर खोटं होईल. पण कपाटाकडे बघायचं मात्र टाळत होते. नवव्या दिवशी दुधाच्या गाडीबरोबर पुडी आली. मुलांनी दाणे मोजले. अकरा!

आठ उगवले. एक वेल शेळीनं खाल्ला. उरलेल्या सातांवर आता शेंगा धरल्यात. राखेचं मडकं मुलांनी आत्तापासूनच आणून ठेवलंय. अर्धं बी आजींच्या घरी जाईल, थोडं घाटाखाली परत.

स्वयंपाकाच्या मावशी रोज वेलाकडे बघून विचारतात, "बाई, आमटीत कधी पडायच्या या शेंगा?"

मी तोंड उघडायच्या आत ती मुलगीच सांगून टाकते, "औंदा नाही, मावशी."