सांगाड्यांची लढाई आणि सातवीचा वर्ग

परवा शनिवारी सकाळची शाळा होती. परीक्षा नुकतीच संपलेली, मुलांचं कशातच मन नव्हतं. म्हटलं, चला, आज एक जुना इंग्रजी सिनेमा दाखवू. 'जेसन अँड द अर्गोनॉट्स', 1963 सालचा. ग्रीक पुराणातली गोष्ट. जेसन नावाचा वीर सोनेरी लोकर आणायला जहाजातून निघतो. वाटेत राक्षस, तलवारी, जादू, सगळं काही. लहानपणी मी हा शेजारच्यांकडे व्हीसीआरवर पाहिला होता आणि पुढे कित्येक रात्री डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलो होतो.

माझ्या सातवीला मात्र अजिबात भीती वाटली नाही. टालॉस नावाचा ब्राँझचा प्रचंड पुतळा करकरत मान वळवतो, तिथे मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्याला तेल घाला!" वर्ग खदाखदा हसला. शेवटी राजा हायड्रा नावाच्या राक्षसाचे दात जमिनीत पेरतो आणि त्यातून ढाल-तलवार घेतलेले सात सांगाडे उगवतात. ज्या प्रसंगाला मी घाबरायचो, त्याला मुलं म्हणाली, "किती खोटं दिसतंय!"

खरं सांगतो, मला थोडा रागच आला. पण मुलांचं चुकलं नव्हतं. ते खोटं दिसतंच. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "सर, तेव्हा कॉम्प्युटर नव्हते ना? मग सांगाडे हलवले कोणी?"

मग मी फळ्याकडे वळलो. हे काम रे हॅरीहाउझेन नावाच्या माणसाने केलं. सांगाडे म्हणजे वीतभर उंचीचे बाहुले. बाहुला किंचित हलवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायचा, पुन्हा चित्र. सिनेमाच्या एका सेकंदाला 24 चित्रं लागतात. प्रत्येक सांगाड्याचं डोकं, दोन हात, दोन पाय. सात सांगाडे. मुलांनीच गुणाकार केला, एका चित्रासाठी 35 हालचाली! दिवसाला साधारण 13 चित्रं व्हायची, म्हणजे दिवसभर राबून सिनेमा पुढे सरकायचा अर्धा सेकंद. काही मिनिटांच्या त्या लढाईला साडेचार महिने लागले. नटांनी आधी खऱ्या माणसांबरोबर तालीम केली आणि कॅमेऱ्यासमोर मात्र नुसत्या हवेत तलवारी फिरवल्या. त्या प्रत्येक वाराशी नंतर बाहुल्यांचे वार जुळवले.

आपल्याकडेही असे लोक होते. बाबूभाई मिस्त्रींनी 1937 च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या दोऱ्यांनी वस्तू हवेत हलवल्या. त्यावरून त्यांना 'काला धागा' असंच नाव पडलं होतं.

मुलं म्हणाली, "सर, ती लढाई परत लावा." या वेळी कोणी हसलं नाही. तेल घालायला सांगणारा तर टीव्हीच्या अगदी पुढ्यात येऊन बसला.

घरी जाताना एक गोष्ट लक्षात आली. आजचे सिनेमे इतके हुबेहूब दिसतात की 'हे केलं कसं?' असं कोणी विचारत नाही. उत्तर ठरलेलंच, कॉम्प्युटरने केलं. या जुन्या, भाबड्या सिनेमांत करणाऱ्याचा हात दिसतो, म्हणून प्रश्न पडतो. हॅरीहाउझेनलाही तेराव्या वर्षी 'किंग काँग' पाहून हाच प्रश्न पडला होता. तो घरीच बाहुले करू लागला. वडील त्यासाठी धातूचे सांधे करून द्यायचे, आई कपडे शिवायची. पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आणि मग मला माझीच चूक आठवली. प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीने विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठा, सिरिंज आणि सलाईनच्या नळ्या वापरून जेसीबी केला होता. त्याचा हात वर जाताना अडकायचा. परीक्षक मीच होतो. पहिला नंबर मी एका चकचकीत मॉडेलला दिला. ते विकत आणलेलं आहे, हे मला दिसत होतं. तिला मात्र म्हणालो होतो, "फिनिशिंग नाही गं." वर्ग सांगाड्यांना हसला, तेव्हा मला राग आला. मी तरी वेगळं काय केलं होतं?

सोमवारी तिला विचारलं, "तो जेसीबी आहे का घरी?"

"नाही सर. मोडून टाकला."

का, हे विचारायचं धाडस झालं नाही. तिची माफी मात्र वर्गासमोर मागितली. यंदाच्या प्रदर्शनात प्रत्येक मुलाला आधी एकच प्रश्न विचारणार आहे, "हे तू कसं केलंस?" निम्मे गुण त्या उत्तराला. शिक्षक मित्रांनो, तुमच्या शाळेतही करून बघा. आणि तो सिनेमा मुलांना जरूर दाखवा. आधी हसतील, हसू द्या. कोणीतरी प्रश्न विचारेलच.