काळजाचा तुकडा

मराठीने ‘काळीज’ हा शब्द हृदयाच्या पदरात टाकला, हा शरीरशास्त्राच्या दृष्टीने घोटाळाच होय. खाटीक मात्र चुकत नाही. काळीज मागितले की तो यकृतच तोलून देतो.

यकृताचा स्वभाव मुका. क्षयाच्या रुग्णाने काही आठवडे नेमाने गोळ्या घेतलेल्या असतात. ताप उतरतो, खोकला हटतो, आणि एके दिवशी अन्नावरची वासना उडते. ‘गोळ्या उष्ण पडल्या’ म्हणून घरातली माणसे ताक देतात. गोळ्या चालूच राहतात. डोळ्यांत पिवळेपणा दिसेपर्यंत मोलाचे दिवस गेलेले असतात.

१९५२ साली आयसोनियाझिड आले, पुढे रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड. तिन्हींनी असंख्य जीव वाचवले आणि तिन्ही क्वचित यकृतावर उलटतात. इंग्लंड-अमेरिकेत हा दोष अधिक करून पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेकडे जातो. पण तिला वेळीच दिल्यास गुणकारी उतारा आहे. क्षयाच्या औषधांना तसा नाही. ती थांबवावीत आणि वाट पाहावी. बहुतेकांचे यकृत सावरते. ज्यांचे सावरत नाही, त्यांचे रक्त गोठेनासे होते, बोलणे असंबद्ध होते. मग उपाय उरतो तो यकृत बदलण्याचा.

१९६३ मध्ये डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी हे धाडस प्रथम केले, तेव्हा तो बालरुग्ण वाचला नाही. भारतात १९९४ च्या कायद्याने वाट मोकळी केली व १९९८ साली दिल्लीत पहिले यश आले. आता प्रश्न उरतो तो चार दिवसांत यकृत कोणाचे, हा. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर भाऊ, बहीण, नवरा, आई यांचे रक्तगट विचारले जातात, आणि ‘काळजाचा तुकडा’ हा लाडाचा शब्द अकस्मात शब्दशः खरा होतो. उरलेले यकृत काही महिन्यांत बहुतांशी भरून येते हे खरे; तरी निरोगी माणसाच्या पोटावर सुरी चालते आणि त्याच्याही जिवाला थोडा धोका असतोच. नकार देणाऱ्याला भ्याड म्हणणाऱ्याने एकदा त्या बाकावर बसून पाहावे.

आणि क्षय? तो गेलेला नसतोच. शरीराने नवे यकृत झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवावी लागते, आणि तेथेच क्षयाचे फावते. रिफाम्पिसिन द्यावे, तर ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी घसरवते. तेव्हा एथाम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन अशी यकृताला सोसणारी औषधे निवडून जुन्या दुखण्याचा उपचार नव्याने मांडला जातो. गोळ्यांची पुडी पुन्हा उशाशी येते. या खेपेस मात्र लघवीचा रंग कोणी ना कोणी रोज विचारते.