सांबार

गेली वीस वर्षे मी मुलांची भाषा शुद्ध करितो आहे. ‘मले’ नव्हे, ‘मला’. ‘पायजे’ नव्हे, ‘पाहिजे’. ‘काहून’ नव्हे, ‘का’. अमरावतीच्या शाळेत हे काम कधी संपत नाही. एका पोराचे ‘मले’ सुधारावे, तोवर ते वरच्या वर्गात जाते आणि त्याच्या बाकावर नवे ‘मले’ येऊन बसते. उरलेल्या वेळात मी कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दिवसा दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त करायचे आणि रात्री स्वतःचे. शब्द हरवलेली माणसे कशी जगत असतील, हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

तो आला गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात. तेथे दर शनिवारी अकोल्याहून एक बाई येत. बडनेऱ्याला गाडीतून उतरायचे, पुढे ऑटोने आश्रम गाठायचा, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. त्या स्पीच थेरपिस्ट. मूळच्या कोकणातल्या, शिक्षण मुंबईचे, नोकरी अकोल्यात. आश्रमातली मंडळी त्यांना ‘बोलायच्या बाई’ म्हणत. आठवड्याचे इतर दिवस सराव करून घेणारा कोणी त्यांना हवा होता. मी म्हटले, शिकविणे हा तर आपला धंदाच. बाराखडी ती बाराखडी. सहा वर्षांच्या पोराला काय आणि ऐंशीच्या आबाजीला काय! बाई नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे कळला.

अर्धांगाचा झटका आपल्या घराघरांतून ठाऊक असतो. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला की शरीराची उजवी बाजू लुळी पडते. बहुतेक माणसांची वाचाही त्या डाव्या बाजूलाच राहते, म्हणून तीही पुष्कळदा जाते. याला वाचाघात म्हणतात. १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे एक रोगी आला. त्याला ‘तान’ याखेरीज जवळजवळ काही बोलता येत नसे. तो गेल्यावर त्यांनी त्याचा मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या कपाळामागचा भाग नासलेला दिसला. १८७४ मध्ये वेर्निके यांनी आणखी मागची एक जागा दाखविली. ती बिघडली तर माणूस घडाघडा बोलतो, पण त्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. आपल्या देशात या विद्येची मोठी संस्था म्हैसूरला १९६५ साली निघाली. मुंबईला अली यावर जंग यांच्या नावाची संस्था १९८३ साली झाली. हे सारे मी मागाहून वाचले. बाईंनी पहिल्या दिवशी एवढेच बजावले, “मास्तर, यांची अक्कल गेलेली नाही. शब्दही गेलेले नाहीत. शब्दांपर्यंतची वाट बुजली आहे.”

बाईंचे निम्मे काम तर बोलण्याचे नव्हतेच. ते गिळण्याचे होते. अर्धांग झालेल्या माणसाला साधे पाणी अवघड जाते. पातळ पाणी घशातून झरकन उतरते आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत शिरते. त्यातून छातीचा आजार होतो आणि पुष्कळदा तोच शेवटचा ठरतो. म्हणून माणसाला ताठ बसवून, घाई न करिता, चमच्याचमच्याने भरवायचे. ज्याला पातळ सोसत नाही त्याला दाटसर द्यायचे. आजारी माणसाच्या तोंडात आडवे निजवून पाणी ओतणे ही माया नव्हे, हे मी तेथे शिकलो.

मला दिलेल्या माणसांत एक आबाजी होते. जन्मभर अकोल्याच्या धान्यबाजारात मापारी. काहीही विचारा, त्यांच्या तोंडून ‘आता, आता’ एवढेच निघे. पण पाठ झालेल्या गोष्टी कधीकधी आडवाटेने बाहेर येतात. बोलता न येणारा माणूस आरती म्हणतो, वार म्हणतो, आकडे मोजतो. बाईंनी आबाजींसमोर सुपाऱ्या मांडल्या आणि मोजायला सांगितले. आबाजींनी एकेक सुपारी डाव्या हाताने सरकवली आणि स्पष्ट म्हणाले, “लाभ, दोन, तीन, चार...”

बाईंनी वहीत लिहिले, ‘पहिला आकडा चुकला.’ मी पुढे सरसावलो. म्हटले, “चुकला नाही हो. आमच्याकडे माप घालताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.” बाईंनी तत्काळ ओळ खोडली, माझे आभार मानले. त्या दिवशी घरी येताना माझी मान जरा ताठ होती.

ती खाली आली दोन आठवड्यांनी.

दर्यापूरकडची एक माय होती. तिला सारे समजे, पण शब्द ओठांशी येऊन परत फिरे. बाईंनी मला चित्रांचा गठ्ठा दिला होता. चित्र दाखवायचे, विचारायचे, आणि मग गप्प बसायचे. मनात दहापर्यंत मोजायचे. अर्धा शब्द आला की उरलेला आपण पुरा करायचा नाही. मास्तराला यापरती शिक्षा नाही! तिसऱ्या आठवड्यात मी कोथिंबिरीच्या जुडीचे चित्र धरले. मायच्या कपाळावर घाम आला. डावा हात मांडीवर आपटत ती म्हणाली, “सां... सां... सांबार.”

मी कागदावर फुली मारली.

वाचकहो, माझी आईदेखील कोथिंबिरीला सांबार म्हणत असे. बाजारात मी स्वतः सांबारच मागतो. तरी हातात पेन आणि पुढे कागद आला की माझ्यातला मास्तर जागा होतो. “कोथिंबीर,” मी म्हणालो. “म्हणा पाहू, को... थिं... बीर.” माय माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने तोंड भिंतीकडे फिरविले. शनिवारपर्यंत ती कोणाशी ‘हाव’देखील म्हणाली नाही.

बाईंनी कागद पाहिला. “मास्तर, इकडे कोथिंबिरीला काय म्हणतात?”

“सांबार.”

“मग ही फुली कोणाची?”

त्या रागावल्या नाहीत, हे अधिक झोंबले. दीड महिना मुकी असलेल्या बाईने बुजल्या वाटेतले काटे सारून एक शब्द आणला, आणि मी तो चुकीचा म्हणून परत केला होता.

त्या रात्री लेखणी चालेना. ज्या वऱ्हाडीला मी वीस वर्षे फुल्या मारीत आलो, तिच्यात गाडगेबाबा कीर्तन करीत. ते प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. त्यांची भाषा सुधारण्याची कोणाला हिंमत झाली नाही. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले, ते लोकांच्या आठवणीतले चक्रधरांचे बोल विचारून विचारून, जपून. त्यांच्या जागी मी असतो तर?

सोमवारी मी बाजारातून सांबाराची खरीखुरी जुडी नेली आणि मायच्या हातात दिली. तिने ती नाकाशी धरली. मी काही विचारले नाही. दहापर्यंत मोजून झाले, पुन्हा मोजले. मग ती म्हणाली, “सांबार.” मी म्हटले, “हाव माय, सांबार.” मग गठ्ठ्यातल्या चित्रांमागे मी नव्याने नावे लिहिली: शेंगदाण्यामागे फल्ली, बटाट्यामागे आलू, पातेल्यामागे गंज. बाईंनी ती आपल्या वहीत उतरवून घेतली.

मायचा मुलगा पुण्याला असतो. दर रविवारी त्याचा फोन येई. तो बोले, माय ऐके. भादव्यातल्या एका रविवारी मी तिच्या कानाशी फोन धरला होता. तो नेहमीसारखे शुद्ध मराठीत विचारीत होता, “आई, जेवलीस का? औषध घेतलेस का?” माझ्यासारख्याच कोणा मास्तराच्या हाताखालून तो गेला असणार. माय बराच वेळ ओठ हलवीत राहिली. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “तू... कवा... येतं?”

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटले फोन तुटला. मग आवाज आला, निराळाच, लहान मुलाचा असावा तसा. “येतो ना माय. दिवाळीले येतो.”

आबाजी पावसाळ्यातच गेले. ‘आता’ आणि आकडे यांपलीकडे त्यांची वाचा परतली नाही. बाई येतात त्या काही जादूची कांडी घेऊन येत नाहीत. शेवटच्या शनिवारीही त्यांनी सुपाऱ्या मोजल्या, लाभपासून.

शाळेत मी अजूनही ‘मला’च शिकवितो. पोरांना पेपर लिहायचे आहेत, नोकऱ्या मागायच्या आहेत. पण परवा एक पोरगे दारात येऊन उभे राहिले. “सर, मले... मले...” धापेने त्याला पुढचे बोलवेना. दुरुस्ती माझ्या जिभेवर आली होती. ती गिळून मी मनात मोजू लागलो, लाभ, दोन, तीन...

“मले पानी पायजे,” ते म्हणाले.

मी त्याला खाली बसविले आणि पाणी दिले.