विषय बदलावा

आमच्या विभागातल्या लोखंडी कपाटात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा गठ्ठा वर्षानुवर्षे साठत आला आहे. त्यात निळ्या पुठ्ठ्याची एक पातळ फाईल आहे. तिच्या पहिल्या पानावर लाल शाईत दोन शब्द लिहिलेले आहेत : 'विषय बदलावा'. अक्षर आमच्यापैकी एकीचे आणि सही दुसरीची, त्यामुळे दोष वाटून घ्यायची सोय तिथेच झालेली आहे.

आम्ही दोघी मराठी शिकवतो आणि कोल्हारला, प्रवरेच्या काठी राहतो. पदव्युत्तर वर्गाला लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेबरोबर एक छोटा प्रकल्प करावा लागतो. त्याचे विषय ठरलेले असतात : जात्यावरच्या ओव्या, भगवतीची यात्रा, पोळ्याची गाणी, उखाणे. आठ-नऊ वर्षांपूर्वी नदीच्या वरच्या अंगाच्या एका खेड्यातली मुलगी विषय घेऊन आली तो असा : 'एल्फ लोकांच्या चालीरीती : एक अभ्यास'. हे लोक कुठले, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "मॅडम, पुस्तकातले आहेत. पण चालीरीती खऱ्या वाटतात."

जे लोक नाहीत, त्यांचे लोकसाहित्य कुठून असणार? आमचा तर्क बिनतोड होता. आम्ही विषय बदलायला सांगितला. तिने निमूटपणे 'आमच्या गावच्या साती आसरा' हा विषय घेतला, चांगले गुण मिळवले आणि ती निघून गेली. निळी फाईल मात्र परत न्यायला आली नाही. आम्ही ती वाचली ती पुढे दोन वर्षांनी, कपाट आवरताना, उभ्या-उभ्या. मग बसलो.

टॉल्किन हे नाव आम्हाला चित्रपटामुळे ठाऊक होते. हा गृहस्थ आमच्याच पेशातला, ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक, आणि त्याने आधी भाषा रचून मग त्या बोलणारे लोक कल्पिले, हे आम्हाला त्या फाईलने सांगितले. एल्फ स्वतःला जे नाव घेतात त्याचा अर्थच मुळी 'बोलणारे' असा आहे. झाडांनाही बोलते केले ते त्यांनीच. 'एल्फ'साठी मराठी शब्द काय योजावा, याचा तिने एक परिच्छेदभर खल केला होता. परी म्हणावे तर पंख फुटतात, गंधर्व म्हणावे तर बालगंधर्व आठवतात. यक्ष त्यातल्या त्यात जवळचा, कारण तो झाडात आणि पाण्यात राहतो. पण तो धनाची राखण करतो आणि प्रश्न विचारतो. शेवटी तिने 'एल्फ'च ठेवला. हा निर्णय आम्हाला आजही योग्य वाटतो.

पुढची पाने चालीरीतींची होती. टॉल्किन १९७३ साली वारला. त्याची टिपणे पुढे मुलाने संपादित केली. एल्फांचे विवाह, नामकरण, वैद्यक यांविषयीचा मजकूर १९९३ साली पुस्तकात आला, तर त्यांच्या प्रवासी भाकरीविषयीचा, म्हणजे 'लेम्बस'चा, १९९६ साली. मुलीने मोबाइलच्या पडद्यावर, शब्दकोश शेजारी ठेवून, हे सगळे वाचले होते. एल्फांमध्ये बाप मुलाला एक नाव देतो. आई पुढे केव्हातरी, मुलाचा स्वभाव किंवा त्याचे भवितव्य ओळखून, दुसरे देते. आईच्या या नावाला मोठा मान असतो. एक नाव मिळाले म्हणून आधीचे पुसले जात नाही, नावे साठत जातात. त्यापुढे तिने लिहिले होते की आमच्याकडे बारशाला आत्या कानात नाव सांगते, लग्नात नवरा तांदळात नवे लिहितो, आणि आईला मात्र कुणी विचारत नाही. एवढे एक वाक्य आम्ही वेळीच वाचले असते, तर लाल शाईची बाटली उघडली नसती.

वैद्यकाविषयीचा नियमही तसाच लक्षात राहण्याजोगा आहे. जो बरे करतो त्याने शक्यतो जीव घेऊ नये, शिकारीतसुद्धा. कारण मारणाऱ्या हाताची बरे करण्याची शक्ती उणावते. मारणे न्याय्य असले तरीही.

पण आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो ते कालगणनेपाशी. एल्फांचे वर्ष चार नव्हे, सहा ऋतूंचे. त्यांतले चार ५४ दिवसांचे आणि दोन, उन्हाळा आणि हिवाळा, ७२ दिवसांचे. शरदानंतर एक 'ओसरण्याचा' ऋतू, आणि हिवाळ्यानंतर, वसंताच्या अलीकडे, एक 'चाळवण्याचा' ऋतू. बेरीज ३६० होते, आणि उरलेले ५ दिवस कुठल्याच ऋतूचे नाहीत. सहा ऋतू वाचून आम्हाला आपलेच कुणी भेटल्यासारखे झाले. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर हे आम्ही पाचवीत पाठ केलेले. फरक एवढाच की एल्फांच्या सहांत पाऊस नाही. जिथे पाऊस बारा महिने भुरभुरतो तिथल्या माणसाला त्याचा वेगळा ऋतू करावासा वाटला नसणार.

आणि आमच्या सहांचे काय? दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे. आम्ही ते दरवर्षी शिकवतो, आणि दरवर्षी वर्गात एक अवघड शांतता पसरते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, पाट आले, पुढे १९५० च्या सुमारास शेजारी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि या काठाचे वर्ष उसाने मोजले जाऊ लागले. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. त्याला वर्षाची मर्यादाच मान्य नाही. आमच्या विद्यार्थ्यांना हेमंत आणि शिशिर यांतला फरक सांगता येत नाही, पण रब्बीचे आवर्तन केव्हा सुटणार हे तारखेनिशी ठाऊक असते. ही तक्रार नाही. पाटाच्या पाण्यानेच या मुली महाविद्यालयापर्यंत आल्या, आम्हीही आलो. पण ज्या गावात पाण्याच्या 'आवर्तना'ने ऋतू ठरतो, तिथल्या मुलीने सहा ऋतूंची नावे, त्यांच्या दिवसांसकट, एका परक्या कल्पित लोकांसाठी पाठ करावीत, याची आम्हाला गंमतही वाटली आणि थोडी शरमही.

लेम्बसचे प्रकरण आम्ही घरी नेऊन वाचले. त्या भाकरीचे धान्य कापताना विळा-कोयता चालत नाही. धातूचा स्पर्श वर्ज्य. कणसे हातांनी खुडायची, ताटे हातांनी उपटायची आणि त्यांच्याच कणग्या विणून दाणा साठवायचा. भाकरी भाजायची ती स्त्रियांनी. आमच्यापैकी एकीच्या सासूबाई शेंगा निवडत हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "ही तर ऋषिपंचमी झाली."

झालीच की! भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही; हाताने लावलेले, परसात आपोआप आलेले तेवढेच. अळू, माठ, भोपळा, पडवळ, सुरण यांची मिसळणीची भाजी आणि वरीचा भात. आमच्यापैकी एकीला, शिक्षकी खोडीने, विचारावेसे वाटले, की आता बैल राहिलेत कुठे? नांगरट ट्रॅक्टरची, पेरणी ट्रॅक्टरची. मग बाजारातला कुठलाही गहू ऋषिपंचमीला चालायला हवा. सासूबाईंनी शेंग बाजूला ठेवली. "अगं, बैल गेला म्हणून उपास फिटला का? दुसऱ्याच्या पाठीवर पिकलेलं एक दिवस खायचं नाही, असं आहे ते."

इथे थांबून आम्ही सासूबाईंना ऋषी ठरवले असते, तर लेख सोपा झाला असता. पण ऋषिपंचमीची कहाणी ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे, की तिच्या मुळाशी विटाळ आहे. पाळीत कळत-नकळत शिवाशिव झाल्याचे पाप फेडायला बायकांनी हे व्रत करायचे. बैलाला दिलेली सुट्टी आणि बाईला दिलेली शिक्षा एकाच ताटात वाढलेली आहे. सासूबाईंनी त्यातले एक ठेवले आणि दुसरे, न बोलता, सोडून दिले. कल्पित लोकांच्या चालीरीती धुऊन, वाळवून, घडी घालून आपल्यापुढे येतात. आपल्या चालीरीतींना मात्र त्या ज्यांनी पाळल्या त्यांच्या अंगाचा वास असतो. टॉल्किनच्या स्त्रियांनी भाकरी का भाजावी याचे कारण सुंदर आहे. आमच्या स्त्रियांनी उपास का करावा याचे कारण वर्गात सांगताना आवाज खाली येतो.

साती आसरांचेही तसेच. अप्सरांच्या आसरा झाल्या, असे व्युत्पत्ती सांगते. पण स्वर्गातून नदीवर येईपर्यंत त्यांचा स्वभाव पार बदललेला आहे. प्रकल्पाच्या वेळी ती मुलगी आम्हाला आपल्या आजीबरोबर नदीवर घेऊन गेली होती. पाण्यापासून हातभर अंतरावर सात गोटे, शेंदूर माखलेले, पुढे हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा आणि वाळलेला दहीभात. आम्ही छायाचित्रे घेत होतो. ऊन चढत होते. आजी म्हणाली, "बाई, भर दुपारच्याला हितं थांबू नये. आसरा धरत्यात." बाळंतिणीने पाण्यावर जाऊ नये, डोहात एकट्याने उतरू नये, तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये कारण झाड निजलेले असते. एल्फांनी झाडे जागी केली. आमच्या आज्यांनी ती निजवली. पण निजलेल्याला उठवू नये ही जाण आणि 'धरत्यात' ही भीती एकाच तोंडून येते. त्यांतली एक कापून घेता येत नाही, आणि आम्ही त्या प्रकल्पात नेमके तेच केले होते. प्रास्ताविकात आम्ही तिच्याकडून 'निसर्गाविषयीचा कृतज्ञताभाव' असे लिहवून घेतले. आजीने कृतज्ञता हा शब्द उच्चारला नव्हता.

निळ्या फाईलच्या शेवटी एक टीप होती, तिने आम्हाला सर्वांत अस्वस्थ केले. टॉल्किनने १९५४ सालच्या एका पत्रात आपल्या लाडक्या एल्फांचा दोष सांगितला आहे. त्यांना बदल सोसवत नाही. जग ओसरत चालले या विचाराने ते खिन्न होतात, आणि त्यांची सारी कला जुने ते जुने राखण्याच्या, जणू प्रेताला मसाले लावून टिकवण्याच्या, उद्योगाला लागते. ज्या रमणीय वनात ते राहतात तिथे काळ अडवून धरलेला असतो, एका अंगठीच्या बळावर. अंगठीची शक्ती सरली की ते वन मावळते. मुलीने खाली पेन्सिलीने लिहिले होते : 'लोकसाहित्याचे संकलन?' फक्त प्रश्नचिन्ह. उत्तर नाही.

संकलनाला आम्ही नावे ठेवणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या नसत्या, तर जाती गेली तेव्हा त्याही गेल्या असत्या. पण कपाटातल्या त्या गठ्ठ्याकडे पाहताना हल्ली आम्हाला मसाल्याचा वास येतो खरा.

गेल्या वर्षी, पुराचे पाणी ओसरल्यावर, आम्ही दोघी पुन्हा त्या जागी गेलो. मुलगी आता सासरी असते, आजी आहे. आसरांची जागा ओळखू येत नव्हती. पात्रातली वाळू केव्हाच उपसून गेलेली, काठ ढासळलेला, सात गोट्यांपैकी एकही शिल्लक नाही. आम्ही हळहळलो, छायाचित्रे तरी आपल्याकडे आहेत असे एकमेकींना म्हणालो. आजीला आमच्या हळहळीचा अर्थ लागला नाही. "दगड गेलं तर गेलं. आसरा कुठं गेल्यात? नदीला दगडाचा काय तोटा, सात उचलायचं आन् मांडायचं," असे म्हणत ती पदर खोचून खाली उतरलीसुद्धा.

एकेक गोटा उचलावा, पाण्यात धुवावा, हातावर तोलून पाहावा, नको असला तर टाकावा. अर्ध्या तासात सहा जमले. सातवा काही मनासारखा मिळेना. वाळू गेल्यावर तिच्याबरोबरचे गोटेही गेले होते. उरला होता तो काळा चिखल आणि त्यात रुतलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. आजीने कंबर धरून वर पाहिले. दुपार व्हायला आली होती.

"तुम्ही बघा की एखादा, बाई," ती म्हणाली.

आम्ही चपला काठावर काढून ठेवल्या आणि खाली उतरलो.