नातवंडांचा आश्विन

महसूल खात्यातील माझ्या नोकरीच्या साऱ्या वर्षांत आश्विन महिना माझ्या वाट्याला आला तो कागदांतूनच. खरिपाची पीकपाहणी, गावोगावची आणेवारी, परतीच्या पावसाने आडव्या झालेल्या पिकांचे पंचनामे, तलाठ्यांकडून आलेल्या तपशिलांची रुजवात आणि शेवटी मामलेदार कचेरीतून वर रवाना होणारे अहवाल, या धबडग्यात शरद ऋतू दरसाल दारावरून जात असे आणि त्याच्याकडे मान वर करून पाहण्याची फुरसत मला क्वचितच मिळे. सेवानिवृत्तीनंतर मात्र साताऱ्यातील आमच्या घरी, अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी, सहा वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू यांच्या संगतीत हा ऋतू मला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सलग पाहायला मिळू लागला, आणि आयुष्यात उशिरा का होईना, पण हे सुख पदरी पडले याबद्दल मी ईश्वराचा ऋणी आहे.

लहान मुलांना काळ कळत नाही, असे आपण सहज म्हणतो. ‘पुढच्या महिन्यात’ किंवा ‘पंधरा दिवसांनी’ हे शब्द चार वर्षांच्या मुलाच्या लेखी पोकळ असतात, हे खरेच. परंतु आश्विन-कार्तिकाची घडणच अशी आहे की, या दोन महिन्यांत काळ डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो, त्याचे कोंब फुटतात, त्याची कोर वाढते, त्याच्या शेंगा मातीतून उपटून काढता येतात. ग्रीष्म मुलांना घरात कोंडतो, पावसाळा त्यांना खिडकीशी बसवतो. शरद मात्र त्यांना अंगणात आणि रानात बोलावतो, आणि जे दाखवतो ते त्यांच्या धीराला पेलेल अशा बेताने दाखवतो. घरात लहान मूल असेल त्याने या ऋतूत अन्य कामे थोडी तहकूब ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभ घटस्थापनेने होतो. प्रतिपदेच्या आदल्या दिवशी परसातील काळी माती चाळून ठेवण्याचे काम दोन्ही मुलांकडे असते, आणि त्या चाळणीतून निघालेले खडे, गांडुळे व शिंपल्यांचे तुकडे यांची वाटणी हा घटाइतकाच महत्त्वाचा विधी होऊन बसतो. पत्रावळीवर मातीचा थर, त्यावर धान्य, पुन्हा मातीचा पातळ थर, मध्ये पाण्याने भरलेला घट आणि वर विड्याची पाने व नारळ, अशी मांडणी त्यांची आजी करते. मुलांनी रोज ओंजळीने पाणी शिंपडायचे. दुसऱ्या दिवशी काहीच दिसत नाही, तेव्हा नातवाचा चेहरा उतरतो. तिसऱ्या दिवशी माती जागोजाग उचलली जाते आणि तिच्या भेगेतून पांढरे टोक डोकावते. ते टोक पाहिल्यावर मूल जे बोलते ते शब्दांत पकडणे मला साधलेले नाही. एवढेच सांगतो की, त्यानंतर रोज सकाळी तोंड धुण्यापूर्वी देवघराकडे धाव घेतली जाते आणि कोंब किती वाढले हे बोटाच्या पेरांनी मोजले जाते. नवव्या दिवशी ते वीतभर होतात आणि दसऱ्याला त्यांचे तुरे टोपीत खोवले जातात. मातीची भेग आणि टोपीतला तुरा यांमधले सगळे दिवस मुलाच्या डोळ्यांसमोरून गेलेले असतात.

हस्त नक्षत्रातला हादगा आमच्या आळीत अजून टिकून आहे. भिंतीवर हत्तीचे चित्र, त्याला फळांची माळ, भोवती फेर धरणाऱ्या मुली, पहिल्या दिवशी एक गाणे आणि पुढे रोज एकाची भर. नातवाला गाण्यांत रस नाही. खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखण्याच्या कामी मात्र त्याच्याइतका जाणकार आळीत दुसरा नाही.

दसऱ्याला आपट्याची पाने वाटण्याच्या चालीविषयी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. बाजारात सोने म्हणून विकल्या जाणाऱ्या जुड्यांत पुष्कळदा आपटा नसतोच, कांचनाच्या फांद्या ओरबाडून आणलेल्या असतात, आणि टेकड्यांवरची झाडे त्या आठवड्यात केविलवाणी दिसतात. आमच्या घरी प्रत्येकाने एकच पान द्यावे असा दंडक आहे. ते पान देण्यापूर्वी नात त्याची घडी उलगडून दाखवते, दोन दळे कोठे जोडली आहेत आणि शिरा देठापासून कशा फाकल्या आहेत ते समोरच्याला समजावते, आणि मगच ते त्याच्या हाती पडते. घेणारेही ते पान अदबीने खिशात ठेवतात, हे मी पाहिले आहे.

आश्विनाच्या सुरुवातीला, पठारावरचा फुलोरा ओसरण्यापूर्वी, कासला जाण्याचा आमचा प्रघात आहे. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून गेले की सुमारे पंचवीस किलोमीटरांवर हे जांभ्या खडकाचे पठार लागते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाची नोंद जागतिक वारशाच्या यादीत केली आणि कास त्यात सामील झाले, तेव्हापासून येथे माणसांचा लोंढा फार वाढला. म्हणून सुटीचा वार टाळून, भल्या पहाटे निघून, ऊन चढण्यापूर्वी परतावे हे उत्तम. लांबवर पसरलेले तेरड्याचे गुलाबी आणि सोनकीचे पिवळे पट्टे पाहून मोठी माणसे थक्क होतात. मुलांना त्या विस्ताराचे विशेष वाटत नाही. त्यांची दृष्टी जमिनीच्या जवळ असते, आणि कासचे खरे वैभवही तेथेच आहे.

गावनकाशे आणि जुनी टिपणे वाचण्यासाठी मी नोकरीत जे भिंग वापरीत असे, ते या प्रवासात माझ्या खिशात असते. पाऊलवाटेच्या कडेला, फुलांना धक्का लागणार नाही अशा बेताने मुले पालथी पडतात आणि आळीपाळीने भिंग डोळ्याला लावतात. सीतेची आसवे हे तेथील नखाएवढे जांभळे फूल. काडीसारखा उभा दांडा, त्यावर दोन ओठांसारख्या पाकळ्या आणि खाली वळलेले शिंगासारखे टोक, एवढाच त्याचा दिसणारा पसारा. परंतु खाली ओल्या चिखलात त्याच्या तंतूंना अगदी बारीक पिशव्या असतात आणि त्यांच्या तोंडाशी एखादा सूक्ष्म जीव आला की तो पाण्यासह आत ओढला जातो. कातळावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत पोषण अपुरे, म्हणून या वनस्पतीने ही तजवीज केली आहे, असे मी नातीला सांगितले. ती बराच वेळ भिंग लावून पडून राहिली आणि मग तिने विचारले, “आजोबा, पाऊस संपला, चिखल वाळला, की मग ही काय खाणार?” मी म्हणालो, “तोवर तिचे बी तयार होते आणि ती मरून जाते.” यावर ती गप्प राहिली, पण दुःखी झाली नाही, बी कुठे असते ते दाखवा, एवढेच म्हणाली.

घाटाच्या उतारावर कारवीची झुडपे दाट आहेत. या वर्षी त्यांना फूल नव्हते. कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा बहरते आणि बी धरले की वठून जाते, हे ऐकल्यावर नातीने त्या झुडपाशी उभे राहून आपली उंची त्याच्याशी लावून पाहिली. “आज उगवलेली कारवी फुलेल तेव्हा तू आठवीत असशील,” असे मी म्हणताच ती उत्तरली, “मग तेव्हा आम्ही दोघी मोठ्या असू.” सात वर्षे हा अवधी तिला इतक्या सरळपणे समजला, तसा तो कोणत्याही दिनदर्शिकेवरून समजला नसता.

कोरेगाव तालुक्यात माझ्या एका जुन्या स्नेह्याची शेती आहे. परतीच्या पावसाने उघडीप दिली आणि जमिनीला वापसा आला की तेथे भुईमूग काढायला सुरुवात होते आणि आम्हाला निरोप येतो. वापसा नसेल तर एक तर चिखलात शेंगा तुटून राहतात, नाहीतर कडक झालेल्या जमिनीत वेल तुटतो. या एका गोष्टीसाठी शेतकरी मातीचे ढेकूळ मुठीत दाबून रोज कसा पाहतो, हे मुलांनी तेथे पाहिले. मग त्यांना एकेक वेल उपटायला दिला. उपट्या जातीचा भुईमूग चार वर्षांच्या मुलाच्या ताकदीने सहसा निघत नाही. परंतु माती भुसभुशीत होती, नातवाने दोन्ही हातांनी बुंधा धरून मागे झोक दिला आणि वेल हातात घेऊन तो सरीत बसकण मारून बसला. पांढऱ्या ओल्या शेंगांचा घोस मुळांशी लोंबत होता आणि मातीचा तो कोवळा, किंचित दुधट वास सगळीकडे पसरला होता.

स्नेह्यांनी त्याला वेलाच्या बगलेतून खाली गेलेल्या आऱ्या दाखवल्या. पिवळे फूल वर, उजेडात लागते. ते कोमेजल्यावर त्याच्या बुडाशी सुईसारखी आरी सुटते, ती जमिनीकडे वाकते, मातीत शिरते, आणि तिच्या टोकाला अंधारात शेंग धरते. काही आऱ्या अजून मातीपर्यंत पोचल्याच नव्हत्या, त्यांची जांभळट टोके अधांतरी लोंबत होती. “ह्यांना उशीर झाला,” असे नातू म्हणाला. शेंगा तोडायला बसलेल्या बायांनी त्याला मांडीशी बसवून घेतले, उकडलेल्या शेंगा सोलून भरवल्या, आणि परतताना त्याच्या दोन्ही खिशांत ओल्या शेंगा कोंबल्या. त्यांतल्या किती घरी पोचल्या आणि कुठे गेल्या, याची चौकशी तेव्हा कोणी केली नाही.

कोजागरीला आमच्या गच्चीवर दूध आटते. केशर, वेलदोडे, चारोळी, किंचित जायफळ. दुसरा थाट नाही. त्या रात्री ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची रीत आहे, तेव्हा नातीला पाटावर बसवून तिच्या आईने ओवाळले. धाकट्याने आपल्याला का नाही, असा रीतसर अर्ज आजीकडे गुदरला. आजीने ज्येष्ठाचा मान मोडला नाही, पण निरांजनाचे तबक धरण्याची कामगिरी त्याला दिली आणि तो ते दोन्ही हातांनी, श्वास रोखून, धरून उभा राहिला. घटाच्या तिसऱ्या संध्याकाळी जी नखाएवढी कोर मुलांनी गच्चीवरून पाहिली होती, तीच आता पूर्ण झाली होती. पुढे चंद्र रोज उशिरा उगवू लागला, मुले झोपेपर्यंत तो येईनासा झाला, आणि ज्या रात्री तो मुळीच येणार नाही त्या रात्री घरभर पणत्या लावायच्या, हे नातीने आपल्याशीच ताडले.

दिवाळीच्या आधीचा आठवडा किल्ल्याचा. प्रतापगड की अजिंक्यतारा, यावर दोन दिवस खल झाला. मी १६५९ सालची प्रतापगडची लढाई सांगितली, १७०८ साली छत्रपती शाहू महाराजांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला तेही सांगितले. परंतु निर्णय इतिहासाने केला नाही. अजिंक्यतारा गॅलरीतून दिसतो, चुकले तर पाहून दुरुस्त करता येते, या नातीच्या मुद्द्याने निकाल लागला. विटा-दगडांचा सांगाडा, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, त्यावर मातीचा लेप, कडेने तट आणि बुरूज. माथ्यावर दूरचित्रवाणीचा मनोरा हवाच, असा नातवाचा आग्रह होता, कारण तो खऱ्या गडावर आहे. खराट्याच्या काड्या बांधून तो उभारला गेला आणि महाराजांचे सिंहासन त्याच्यापासून योग्य अंतरावर ठेवण्यात आले. उतारावर अळीव आणि मोहरी पेरली.

चौथ्या दिवशी सबंध डोंगर हिरवागार झाला, तेव्हा नात धावत आली. तिचा प्रश्न असा होता, की घटातले गहू पिवळे उगवले, मग हे हिरवे का? मी उत्तर दिले नाही. तिलाच दोन्ही जागा आठवायला सांगितल्या. देवघरात खिडकी नाही आणि अंगणात दिवसभर ऊन आहे, इथवर ती स्वतः पोचली, आणि मग उन्हावाचून पानात हरितद्रव्य तयार होत नाही एवढाच दुवा मी जोडून दिला. तिने लगेच एका बुरुजावर वाटी पालथी घालून ठेवली. दोन दिवसांनी वाटी उचलली तेव्हा खालचे अळीव लांब, अशक्त आणि फिकट झालेले होते, आणि शेजारचे हिरवे. ते पाहायला तिने आळीतली सगळी मुले गोळा केली.

नरकचतुर्दशीला अभ्यंगापूर्वी, चारच्या सुमारास, तेलाने माखलेली ती दोन्ही मुले मी गच्चीवर नेली. दक्षिणेला अजिंक्यताऱ्याची काळी कड आणि तिच्या वर अगस्तीचा तारा, स्थिर आणि ठळक. वर मृगाची आकृती, तिच्याजवळ व्याध. अगस्ती उगवला की पाणी निवळते असे जुने लोक म्हणत, आणि त्या पंधरवड्यात ओढ्याचे गढूळ पाणी तळ दिसण्याइतके नितळले होते, ते मुलांनी पाहिलेच होते. नातवाने तारा पाहिला, मनोऱ्याचा लाल दिवाही पाहिला, आणि दोन्ही गडाचेच आहेत असे ठरवून खाली उटण्याला पळाला.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडायला घेतला. माती पारिजातकाच्या आळ्यात घालायची होती; मी फावडे लावताच नातू आडवा आला आणि पूर्वेकडच्या बुरुजाला हात लावू देईना. खाली वाकून पाहिले तर वाळत चाललेल्या अळिवांच्या आड जाड देठाचे, चार-चार पानांच्या जोडीचे एक रोप तरारले होते. कोरेगावहून आणलेल्या शेंगांतले दाणे त्याने कोणालाही न सांगता तेथे पुरले होते. ते रोप मुळांच्या मातीसकट काढून आम्ही कुंडीत लावले. आता त्याला फूल कधी येणार, हे तो रोज विचारतो. थंडी सुरू झाली आहे, तेव्हा महिना तरी जाईल, आणि आऱ्या सुटायला त्याच्याही पुढे, असे मी त्याला सांगितले आहे. तोवर कुंडी उन्हातून हलवायची नाही आणि तिच्यात पाणी फक्त त्यानेच घालायचे, असा हुकूम त्याने आजीवर बजावला असून आजीने तो विनातक्रार मान्य केला आहे.