कामगारांचे कल्याण ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे

काही महिन्यांपूर्वी आम्ही वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका वातानुकूलित सभागृहात बसलो होतो. एका कारखानदार कंपनीने सामाजिक कार्यकर्त्यांना बोलावले होते. विषय होता, कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य हेच व्यवसायाचे धोरण. कामगार आनंदी असला की रजा घटतात, उत्पादन वाढते, नफा वाढतो, असे पडद्यावरचे आलेख सांगत होते.

आम्ही विचारले, "कारखान्यात झाडलोट करणाऱ्या बायका जेवतात कुठे?" उत्तर आले, "त्या आमच्या नाहीत, ठेकेदाराच्या आहेत."

त्यातल्या दोघी आमच्याच वस्तीतल्या. जिन्याखाली बसून डबा खातात. त्यांनी आधीच बजावले होते, "ताई, आमचं नाव घेऊ नका, ठेकेदार काढून टाकेल." आम्ही नाव घेतले नाही.

'आपले' कोण, हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण अस्पृश्यांना तिथे बंदी. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. जातीने कामगारांतच कामगार वेगळे पाडले होते. आज तेच काम ठेकेदारी करते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात कल्याणाचे स्वतंत्र प्रकरण आले. २५० हून अधिक कामगार असतील तर उपाहारगृह, असा त्यात नियम होता. कारखान्याची जागा झाडणाराही त्यात कामगारच होता. १९७६ च्या दुरुस्तीने ठेकेदारामार्फत आलेल्यालाही स्पष्टपणे कामगार म्हटले. मग 'त्या आमच्या नाहीत' हे कोणत्या तोंडाने सांगता?

योगवर्गाला, समुपदेशनाला आमचा विरोध नाही. पण नफ्यासाठी दिलेले कल्याण नफा घटला की काढून घेतले जाते. हक्क असा काढून घेता येत नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागतो. तोही बदलला जातोच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. त्या आलेखांत हे बारा तास कुठेच नव्हते.

कामगार भवनही याच संकुलात आहे. भविष्य निर्वाह निधीचे कार्यालयही वांद्रे पूर्वेलाच. तरुणांनो, जयंतीची वर्गणी गोळा करतो तसे एका रविवारी घरोघर फिरू या. वस्तीतल्या ठेकेदारी कामगारांच्या पगाराच्या पावत्या पाहू, निधीचा क्रमांक मिळाला का ते विचारू. एकटीचे नाव घेतले तर तिची नोकरी जाते. पन्नास नावे एकत्र गेली, तर ठेकेदार कुणाकुणाला काढेल?

जय भीम!