दादांचा पाय आणि वहिनींचा पाय

बायपास झालेल्या माणसाला भेटायला येणारा जो तो छातीकडेच पाहतो. सदऱ्याच्या उघड्या बटणातून दिसणारा टाक्यांचा माग पाहून हळहळतो, दोन शब्द धीराचे बोलतो, फळे ठेवतो आणि जातो. पायाकडे कोणाचे लक्ष जात नाही. आमचेही गेले नव्हते. २००६ साली आमच्या थोरल्या बंधूंची, म्हणजे दादांची, बायपास झाली, तेव्हा आम्ही सगळे हृदयाच्याच काळजीत होतो.

दादा एस.टी.त कंडक्टर. वय ५४, मधुमेह दहा वर्षांचा. अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळे निघाले. संमतीच्या कागदावर सही आम्हीच केली. त्यात काय लिहिले होते ते आम्ही वाचले नाही आणि कोणी वाचूनही दाखविले नाही. शुद्धीवर आल्यावर दादांचे पहिले बोलणे हेच की, "छाती दुखते ते समजलं रे, पण पायाला काय झालं?" चादर बाजूला सारली तर डाव्या पायाला घोट्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत पट्टी! सिस्टरांना विचारले तर त्या सहज म्हणाल्या, "हृदयाला लावायची शीर तिथूनच काढतात ना, काका."

नवव्या दिवशी दादा घरी आले. छातीची जखम सुकली. पाय मात्र तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याखाली लाल झाला, गरम लागू लागला, दोन ठिकाणी जखम उकलली आणि पू आला. शेजारच्या मावशींनी मायेपोटी तीत हळद भरली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती धुऊन काढताना दादांनी आमचा हात असा दाबला की त्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. पुढे साडेतीन महिने ड्रेसिंग. आधी रोज रिक्षाने नेत होतो. पैसे सरले तसे वहिनी सिस्टरांकडून ते काम शिकल्या आणि घरीच करू लागल्या. हात साबणाने धुवायचे, जुनी पट्टी भिजवून अलगद काढायची, जखमेचा वास घ्यायचा आणि मग आमच्याकडे पाहून "आज बरी आहे" किंवा "आज बरी नाही" असे मानेनेच सांगायचे. रजा संपून बिनपगारी सुरू झाली. हृदय ठणठणीत, पण पायामुळे माणूस घरात बसलेला. हे गणित आम्हांला तेव्हा कोणी समजावून दिले नव्हते, म्हणून आज ते लिहावयास घेतले आहे.

पायाची शीर हृदयाला कशाला, असे अनेकांना वाटते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमन्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या चोंदल्या की अडथळ्याच्या पुढे रक्त नेण्यासाठी नवी वाट जोडावी लागते, आणि ती वाट त्याच माणसाच्या शरीरातून घेतात. एक धमनी छातीच्या आतल्या बाजूची घेतात. ती सर्वांत टिकाऊ. पण दोन-तीन जोड द्यायचे म्हणजे आणखी वाहिन्या हव्यात. पायाच्या आतल्या अंगाने, घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून एक लांब शीर जाते. पायातले बहुतेक रक्त खोलवरच्या मोठ्या शिरा वर नेतात, म्हणून ही काढून घेतली तरी पाय आपले काम करतो. तिच्यात रक्त खाली उतरू नये म्हणून झडपा असतात, त्यामुळे हृदयाला जोडताना ती उलटी करून जोडतात. अर्जेंटिनाचे सर्जन रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे या शिरेने बायपास केली आणि तेथून ही पद्धत जगभर गेली.

या शिरेचा एक अवगुण आहे. ती कमी दाबासाठी घडलेली. हृदयाजवळ तिला धमनीचा जोर सोसावा लागतो. दहा वर्षांनी यांतल्या बऱ्याच शिरा अरुंद किंवा बंद झालेल्या आढळतात. काढताना तिला ओढाताण झाली, पिचकारीने जास्त फुगविली, आतल्या नाजूक अस्तराला इजा झाली, तर ती लवकरच बिघडते. म्हणजे पायाशी काम करणाऱ्या माणसाच्या हातात पायाची जखम तर असतेच, पण हृदयाची पुढली वर्षेही असतात. छाती उघडणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचे नाव सर्वांना ठाऊक असते. पायाशी बसलेल्याचे नाव आम्ही तरी कधी विचारले नव्हते.

२०२४ च्या नोव्हेंबरात तीच पाळी वहिनींवर आली. वय ६६, शुगर, अंगाने स्थूल, आणि लपविण्यात अर्थ नाही, मशेरीची सवय. बायपासच करावी लागेल असे ठरले तेव्हा वहिनी घाबरल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "छाती काय करायची ती करा, डॉक्टर. पाय तेवढा सोडा. त्या पायाचं मी साडेतीन महिने केलंय."

डॉक्टर तरुण होते. हसण्यावारी न नेता त्यांनी खुर्ची ओढली आणि कागदावर पाय काढला. आमची पुतणी, म्हणजे वहिनींची लेक, स्टाफ नर्स आहे. ती मध्येमध्ये आम्हांला सोप्या भाषेत सांगत होती. पहिली रीत दादांची, एकच लांब छेद. शीर डोळ्यांसमोर दिसते, काम लवकर होते, वेगळे यंत्र लागत नाही. पण जखम लांब, आणि मधुमेही, स्थूल माणसांत, त्यातही बायकांत ती चिघळण्याचा धोका अधिक. दुसरी रीत तीच, मात्र सलग चिरण्याऐवजी थोडे थोडे छेद घेऊन मधली कातडी शाबूत ठेवायची. तिसरी दुर्बिणीची. गुडघ्याजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, त्यातून कॅमेरा आत, कार्बन डायऑक्साइड वायू सोडून शिरेभोवती जागा करायची, बाजूच्या बारीक फांद्या उष्णतेने बंद करून कापायच्या आणि शीर त्या छोट्या छेदातून बाहेर घ्यायची.

"मग दुर्बीणच करा," आम्ही घाईने म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, "काका, थांबा. तिचीही एक गोष्ट आहे." ती गोष्ट अशी. दुर्बिणीची पद्धत १९९० च्या दशकात आली आणि अमेरिकेत झपाट्याने पसरली, कारण पाय सुंदर भरत होते. मात्र २००९ साली तिथल्या सुमारे ३,००० रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या तेव्हा वेगळेच दिसले. वर्ष-दीड वर्षाने तपासले तर दुर्बिणीने काढलेल्यांत शीर निकामी होण्याचे प्रमाण ४६.७ टक्के आणि उघड्या छेदाने काढलेल्यांत ३८ टक्के होते. मृत्यूही अधिक आढळले. पाय वाचविताना हृदय घालवतो आहोत काय, असा प्रश्न उभा राहिला. पण तो अभ्यास चिठ्ठी काढून केलेला नव्हता. कोणाला कोणती रीत हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरविलेले होते. म्हणून पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या १६ रुग्णालयांत १,१५० रुग्ण घेऊन रीतसर चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ साली आला. मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा हृदयावर उपचार करावे लागणे, हे सारे मिळून उघड्या छेदात १५.५ टक्के आणि दुर्बिणीत १३.९ टक्के, म्हणजे धरण्यासारखा फरक नाही. पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग मात्र उघड्या छेदात ३.१ आणि दुर्बिणीत १.४ टक्के.

इथे आमची पुतणी म्हणाली, "सर, त्या चाचणीत दुर्बीण चालवणारे सगळे सराईतच घेतले होते ना?" डॉक्टरांनी मान डोलावली. शंभराहून अधिक वेळा ते काम केलेल्यांनाच त्यात घेतले होते. आमच्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. आम्ही मग डॉक्टरांना सरळ विचारले, "तुमच्याकडे पायाचं काम कोण करणार, आणि आजवर त्यांनी किती केली आहेत?" विचारताना जीभ अडखळली, कारण आपल्यासारख्यांनी डॉक्टरला असे विचारावे याची सवय नाही. पण ते रागावले नाहीत. त्या सहकाऱ्याला बोलावून आमच्यासमोर उभे केले. त्यांनी दोनशेवर केली होती.

चौथी एक रीत आहे. स्वीडनमधील ओरेब्रो येथे सर्जन डोमिंगोस सूझा यांनी ती पुढे आणली. शीर नुसती सोलून न काढता भोवतालच्या चरबीच्या वेष्टनासकट उचलायची, तिला चिमटा लावायचा नाही, फुगवायचे नाही. १६ वर्षांनी तपासल्या तेव्हा अशा शिरांपैकी ८३ टक्के चालू होत्या, नेहमीच्या पद्धतीच्या ६४ टक्के. पुढे स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०२४ साली आला. दोन वर्षांपर्यंत ठळक फायदा दिसला नाही आणि पायाच्या जखमांचा त्रास वाढला. वहिनींच्या पायाला ती झेपणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले.

आता पैशांची गोष्ट. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसत होती, पण दुर्बिणीचे एकदाच वापरावयाचे साहित्य आमच्या बाबतीत वेगळे भरावे लागणार होते. पुतण्याने फंडातून काही काढले, काही बचत गटाने दिले. वहिनींचे राहिलेले दोन डाग मोडायची भाषाही झाली. ती आम्ही थांबविली. कारण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते की सराईत हाताने घेतलेला उघडा छेद हृदयाच्या दृष्टीने कमी प्रतीचा नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी कर्ज काढून दुर्बिणीमागे धावू नये, असे आमचेही मत आहे. मात्र शुगर, वजन आणि पूर्वीचा अनुभव पाहता आमच्या घरापुरता तो खर्च आम्हांला योग्य वाटला. गरिबाच्या पायाला लांब छेद आणि पैसेवाल्याच्या पायाला लहान, हे मनाला टोचतेच. असो.

शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफीने दोन्ही पायांच्या शिरा पाहिल्या. वहिनींच्या उजव्या पायावर वर्षानुवर्षे उभ्याने काम करून निळ्या शिरा फुगल्या होत्या. तसली फुगलेली शीर जोडायला चालत नाही. डावा पाय चांगला निघाला. शुगर आटोक्यात आणायला दहा दिवस घेतले. मशेरी लेकीने डबीसकट फेकून दिली, त्यावर मायलेकींत दोन दिवस अबोला होता. पायाचे केस वस्तऱ्याने न काढता मशीनने बारीक केले, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. दादांच्या वेळी वस्तराच फिरला होता, हे आम्हांला तेव्हा आठवले.

ऑपरेशननंतर चादर उचलून पाहिले. गुडघ्याजवळ दोन बोटांएवढी जखम आणि जांघेपाशी एक टोचल्यासारखी खूण. पण तिसऱ्या दिवशी मांडी आतून काळीनिळी पडली आणि आमच्या पोटात गोळा आला. शीर काढलेल्या जागी रक्त साकळते, त्याचा तो डाग होता. घट्ट पट्टी बांधून ठेवली, पाय उशीवर ठेवायला लावला, थोडे थोडे चालविले. तीन आठवड्यांत डाग पिवळा पडून गेला.

दादांची मात्र निराळीच तयारी होती. पत्नी घरी यायच्या आधीच त्यांनी पातेले, गॉज, चिकटपट्टी आणि एक स्टूल मांडून ठेवले होते. "तिनं माझं केलं, आता मी करणार." करण्यासारखे फारसे निघालेच नाही. रोज जखम पाहायची, लाली, गरमपणा किंवा ओल दिसते का, ताप येतो का, एवढेच. तरी ते रोज चष्मा लावून स्टुलावर बसत आणि वहिनी रोज "अहो, काही नाही तिथं" म्हणत.

एका रविवारी विहारातून परतताना मंडळी भेटायला आली. नेहमीप्रमाणे छातीचीच चौकशी चालली होती. तेव्हा दादांनी आपली पँट गुडघ्यापर्यंत वर केली, नडगीशेजारची ती जुनी पांढरी रेघ दाखविली आणि म्हणाले, "माझी गाडी प्रत्येक थांबा घेत गेली. हिची विनाथांबा." वहिनी हसल्या आणि लगेच छाती धरली, कारण हसले की टाके ओढत होते.

या गोष्टीला आता वर्ष उलटले आहे. वहिनींच्या घोट्याच्या वर थोडी जागा बधिर वाटते. दादांच्या पायाची तशी जागा अजून बधिर आहे. वहिनी रोज सकाळी अर्धा तास चालतात. गोळ्या चुकवत नाहीत, मशेरीचे नाव काढत नाहीत. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. आत जोडलेली शीर कशी टिकते ते पुढल्या वर्षांत समजेल. तारीख दादांनी कॅलेंडरवर निळ्या शाईने लिहून ठेवली आहे.